कानकोंड्या

हे नाव आमच्या सासूबाईंनी ठेवलं. 'कानकोंडं होणं' म्हणजे अवघडून, शरमून जाणं. पण त्यांना तो अर्थ अभिप्रेत नव्हता. त्यांनी स्वयंपाकघरातून तीन हाका मारल्या, मला एकही ऐकू आली नाही. चौथ्या वेळी त्या खोलीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या आणि हातवारे करून म्हणाल्या, "काढ तो कानकोंड्या! दूध गेलं उतू." कान कोंडतो तो कानकोंड्या. त्या इअरफोनला मी 'कस्टम इन-इअर' वगैरे म्हणत होते, ते त्या दिवसापासून बंद झालं.

तो भिजवलेल्या काजूपेक्षा थोडा मोठा. काजूसारखाच एका अंगाने वाकलेला, पण काजूला नसतं असं एक सोंडेसारखं टोक त्याला आहे आणि ते आधी एकीकडे, मग दुसरीकडे वळतं. बाहेरची पाठ तेवढी सपाट; बाकी अंगावर एक रेघ सरळ असेल तर शपथ. टेबलावर ठेवला तर लोळतो. हा बेंगरूळपणा त्याचा नव्हे, माझा आहे. माझ्या कानात जी पोकळी आहे तिला घट्ट करून बाहेर काढली तर ती अशी दिसते, हे मला वयाच्या चाळिशीत कळलं.

अर्थात तो एकटा नाही. ते दोघे भाऊ आहेत. उजवा लालसर, डावा निळसर. कानाचे साचे बनवणाऱ्यांच्या धंद्यात लाल म्हणजे उजवा आणि निळा म्हणजे डावा हा संकेतच आहे. दोघेही पारदर्शक, त्यामुळे पोटातलं सगळं दिसतं: चंदेरी रंगाच्या दोन चिमुकल्या डब्या, केसासारख्या तांब्याच्या तारा, एक कपॅसिटर आणि सोंडेकडे गेलेल्या दोन नळ्या. पोटात एक आणि ओठांत एक, ही सोय त्यांना मी ठेवलेलीच नाही.

माझा धंदा कानाचा. बोलक्या पुस्तकांचं ध्वनिमुद्रण झालं की ते माझ्याकडे येतं. वाचणाऱ्याचा श्वास, ओठांची चुटपुट, खुर्चीची कुरकुर, पान उलटल्याची सळसळ हे सगळं मी निवडून काढते, तांदळातले खडे काढावेत तसं. हे काम डोंबिवलीत, रेल्वेच्या रुळांपासून हाकेच्या अंतरावरच्या घरात बसून करायचं. मोठे हेडफोन चार तास घातले की उन्हाळ्यात कानशिलं उकडून निघतात. कानात घालायच्या इअरफोनबरोबर लहान, मध्यम आणि मोठी अशी रबरी टोपणं येतात. कान म्हणजे काय तयार शर्ट आहे? माझ्या उजव्या कानाला लहानही मोठं होतं आणि डाव्यातून मध्यमही निसटून पडतं. कानाच्या मापाने करून देणाऱ्या कंपन्या आहेत; त्यांचे दर वाचून मी संगणक बंद केला आणि ठरवलं, घरीच करायचा.

यात फार मोठा पराक्रम नाही, कारण आजच्या हेडफोनचा जन्मच मुळी स्वयंपाकघरातला. अमेरिकेतल्या युटा प्रांतात नॅथॅनिएल बाल्डविन नावाचा एक गृहस्थ होता. त्याने 1910 साली घरी केलेला हेडफोन अमेरिकी नौदलाकडे पाठवून दिला. नौदलाला तो इतका पसंत पडला की त्यांनी आणखी मागितले. बाल्डविनने कळवलं, एका वेळी दहाच देता येतील, कारण ते मी स्वयंपाकघरात बनवतो. कानाच्या ठशावरून केलेल्या इअरफोनचा इतिहास मात्र अलीकडचा. व्हॅन हेलन या रॉक बँडच्या ड्रमरला रंगमंचावरच्या गोंगाटात स्वतःचा आवाज नीट ऐकू येईना, म्हणून त्यांच्या ध्वनितंत्रज्ञाने, जेरी हार्वीने, त्याच्या कानांच्या मापाचा इअरफोन करून दिला. त्यातूनच 1995 मध्ये अल्टिमेट इअर्स ही कंपनी उभी राहिली. म्हणजे एकाची अडचण, दुसऱ्याची खटपट. माझ्या बाबतीत दोन्ही मीच.

पहिली पायरी ठशाची, आणि तेवढी एकच मी घरी केली नाही. ठाण्याच्या एका ऑडिओलॉजिस्ट बाईंकडे गेले. त्यांनी आधी दुर्बिणीतून कान पाहिला, मळ नाही ना याची खात्री केली. मग दोरा बांधलेला एक छोटा बोळा कानात आतवर सरकवला. हा बोळा म्हणजे धरणाची भिंत. ओतलेला मसाला त्याच्यापुढे, पडद्यापर्यंत जाऊ नये म्हणून. बोळा आत जाताना मला खोकला आला. बाई म्हणाल्या, "येतो काहींना. घशाकडे जाणाऱ्या नसेची एक फांदी कानातही असते." मग दातांत एक ठोकळा दिला. जबड्याचा सांधा कानाच्या नळीला अगदी खेटून असतो, त्यामुळे तोंड उघडलं की नळीचा आकार बदलतो. मिटल्या तोंडाचा ठसा घेतला तर बोलताना, गाताना फट पडते. तेव्हा आ वासून बसायचं. दोन रंगांचं सिलिकॉन कालवून पिचकारीने कानात भरलं आणि जग एका बाजूने बंद झालं. पाचेक मिनिटं मी तशीच, सारवल्या घरासारखी.

ठसे हातात आले तेव्हा मी ते घरी नेईपर्यंत रिक्षात चार वेळा डबी उघडून पाहिले. कानाची नळी जेमतेम अडीच सेंटिमीटर लांब, पण कोकणातल्या घाटासारखी: एक वळण, मग उलटं दुसरं वळण. बाहेरचा तिसरा हिस्सा मऊ कूर्चेचा, आतला हाडाचा. आणि दोन कानांचं एकमेकांशी जमत नाही. माझा उजवा घाट अवघड, अरुंद, डावा ऐसपैस. इतकी वर्षं मी एका दुकानातून दोघांना एकाच मापाचे कपडे घेत होते.

घरी आल्यावर ठसे कापून, घासून नीट केले आणि पातळ मेणात एकदा बुडवून काढले. मेणाने अंग गुळगुळीत होतं आणि अंगावर नखाएवढंसुद्धा नव्हे, पण मास चढतं. तेवढ्यानेच पुढे कानात फट राहत नाही. आता साचा. दातांच्या प्रयोगशाळेत वापरतात तो जेलीसारखा मसाला मी आणला होता. सासूबाईंनी वास घेतला, बोटाने दाबून पाहिलं आणि निकाल दिला, "हे तर चायना ग्रास!" होतं तेच, अगार. समुद्रातल्या शेवाळाचं. याचा स्वभाव मोठा मजेदार असतो. वितळायला जवळजवळ उकळतं पाणी लागतं, पण एकदा वितळलं की निवत निवत चाळीस अंशांच्या जवळ येईपर्यंत पातळच राहतं. गरम असताना ओतलं तर ठशावरचं मेण पळून जाईल; फार थांबलं तर पातेल्यातच जेली होईल. हा मधला क्षण थर्मामीटरपेक्षा सासूबाईंनी अचूक पकडला. पन्नास वर्षं पाकाची तार पाहणाऱ्या हाताला हे नवीन नव्हतं. "ओत आता," त्या म्हणाल्या आणि मी काचेच्या ग्लासात ओतलं.

जेली घट्ट झाल्यावर ठसा काढून घेतला. आत राहिली ती माझ्या कानाची हुबेहूब पोकळी. तिच्यात रेझिन ओतायचं. साधं नव्हे, कानाच्या साच्यांसाठी मिळतं ते, अंगाला चालणारं. ते अतिनील प्रकाशात घट्ट होतं. माझ्या नणंदेचं ब्यूटी पार्लर आहे. नखांवरचं जेल वाळवायचा तिचा दिवा मी दोन दिवसांच्या बोलीवर आणला होता. ग्लासाच्या तोंडावर फॉइल लावायचा, म्हणजे वरून प्रकाश जात नाही, फक्त कडेने जातो आणि रेझिन भिंतीकडून आतल्या बाजूला घट्ट होत येतं. शहाळ्यात होतं तसंच: आधी नुसतं पाणी, मग कवटीला आतून साईसारखं खोबरं धरतं, मग ते जाड होत जातं. योग्य वेळी दिवा बंद करून मधलं पाणी ओतून टाकलं की हातात पोकळ करवंटी राहते.

योग्य वेळ कोणती, हे मात्र कोणी सांगत नाही. पहिल्यांदा मी दिवा जास्त ठेवला. आत पोकळी उरलीच नाही, मुलांच्या खेळातली गोटी झाली. दुसऱ्यांदा घाई केली. कांद्याच्या सालीसारखा पापुद्रा निघाला आणि घासताना तडकला. तिसऱ्यांदा खोबरं बेताचं धरलं. तरी अंग चिकट होतं, कारण हवेतला ऑक्सिजन वरचा थर पुरता घट्ट होऊ देत नाही. त्यावर उपाय म्हणजे ग्लिसरीन. ग्लिसरीनच्या वाटीत बुडवून पुन्हा दिव्याखाली धरला की हवा लागत नाही आणि चिकटपणा जातो. कच्चं रेझिन कातडीला लागलं तर कायमची अ‍ॅलर्जी होऊ शकते, म्हणून हे सगळं हातमोजे घालून, खिडकी उघडी ठेवून. अर्धवट वाळलेला कानकोंड्या कानात घालून बघायचा मोह मला दोनदा झाला. आवरला.

अंग झालं, आता प्राण. तो त्या चंदेरी डब्यांत असतो. एकेक डबी तुरीच्या दाण्याहून थोडी मोठी. आत तारेचं वेटोळं, आणि दोन चुंबकांच्या मधोमध तोल सांभाळून असलेली लोखंडाची एक पातळ पट्टी. वेटोळ्यातून विजेचा प्रवाह गेला की पट्टी या चुंबकाकडे किंवा त्या चुंबकाकडे झुकते, तिला जोडलेली काडी एक पडदा हलवते, आणि झाला आवाज. म्हणून याला बॅलन्स्ड आर्मेचर म्हणतात. बाल्डविनच्या हेडफोनचं तत्त्वही हेच होतं, फक्त त्याचा पडदा अभ्रकाचा. पुढे ही कला कानाच्या मशिनांनी जपली आणि बारीक करत आणली. लॅमिंग्टन रोडवर मी या डब्या विचारत फिरले तेव्हा एका दुकानदाराने चष्म्यावरून पाहून विचारलं, "कानाच्या मशीनवाल्या का तुम्ही?" कपॅसिटर, तार, बारीक टोकाचा सोल्डरिंगचा लोखंडी कलम सगळं तिथे मिळालं, डब्या टपालाने परदेशातून आल्या.

प्रत्येक भावाच्या पोटात दोन डब्या आहेत. एक खर्जाची, एक तार सप्तकाची. बारीक डबीच्या दारात कपॅसिटर उभा केला आहे, दरवानासारखा. जाड आवाजांना तो आत सोडत नाही. नळीत हिरव्या रंगाची एक इवलीशी जाळी बसवली आहे. या जाळ्या रंगावरून ओळखायच्या. हिरवी म्हणजे 1500 ओहमची. आवाजात कुठे टोचणारं टोक असेल तर ही जाळी ते बोथट करते. सोल्डर करताना कलम डबीला दोन सेकंदांपेक्षा जास्त टेकवायचा नाही, आतली नाजूक वस्ती जळते. एक डबी मी अशी जाळली. महिन्याच्या भाजीचे पैसे धुराच्या एका रेघेत गेले.

अखेर एका रात्री दोघे कानात गेले. ओळखीच्या एका निवेदकाचा आवाज लावला. उजवा एकटा लावला, आवाज सुरेख. डावा एकटा लावला, तोही सुरेख. दोघे मिळून लावले आणि निवेदकाचा चेहराच हरवला. दोन्ही कानांत सारखाच आवाज गेला तर बोलणारा माणूस आपल्या डोक्याच्या मधोमध, कपाळामागे उभा राहतो. माझा निवेदक तिथे राहीना. तो डावीकडेही होता, उजवीकडेही होता, मधे कोणीच नाही. भावाभावांच्या वाटणीत सापडलेल्या घरासारखा. डाव्याचं पोट फोडायचं या तयारीने मी करवत हातात घेतली होती. मग लक्षात आलं: डाव्याच्या खोबणीतल्या दोन तारा मी उलट्या जोडल्या आहेत. उजवा पडदा पुढे ढकलतो तेव्हा डावा मागे ओढतो. दोघे गुणी, पण एक म्हणतो पूर्व, दुसरा म्हणतो पश्चिम. फोडायची काही गरज नव्हती. डाव्याची दोन काट्यांची पिन उपटली आणि उलटी करून खोचली. निवेदक गुपचूप येऊन मधे उभा राहिला. त्या पिनेवर नणंदेच्या नेलपॉलिशचा एक ठिपका आजही आहे. ठिपका वर असला की भावांची दिलजमाई.

आता त्याच्या स्वभावाविषयी. कानकोंड्या अत्यंत मानी आहे. बसायचं तर पूर्ण बसेल, नाहीतर काम करणार नाही. केसाएवढी फट राहिली की खर्ज गायब. पखवाज ऐकताना डफली ऐकल्यासारखं वाटतं. त्याला घालायचीही रीत आहे: सोंड आत, मग मागच्या बाजूला अर्धं वळण, कुलपात किल्ली फिरवावी तशी. मी मोठ्याने हसले तर जबडा हलतो आणि क्षणभर खर्ज जातो. त्याला विनोदाचं वावडं आहे असं मी समजून घेतलं आहे. तो कानात असताना पोहे खाल्ले तर डोक्यात गिरणी चालते आणि स्वतःचं बोलणं रांजणात तोंड घालून बोलल्यासारखं घुमतं, कारण नळीचं तोंड बंद झालं की हाडांतून आलेल्या आवाजाला बाहेर जायला वाट राहत नाही. थोडक्यात, तो कानात असताना खाऊ नये, हसू नये, बोलू नये. ऐकावं. आमच्या घरात हे कोणालाच जमत नव्हतं.

एक उपकार मात्र त्याने केला. बाहेरचा आवाज तो वीस-पंचवीस डेसिबलने कमी करतो. लोकलचा खडखडाट दबला की निवेदकाचा आवाज वाढवावा लागत नाही. पूर्वी मी गोंगाटावर मात करायला आवाज चढवत होते; आता हळू लावते आणि जास्त ऐकते. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब आठवड्याला चाळीस तास, 80 डेसिबलपर्यंत, असा आहे. आणि पुढे दर तीन डेसिबलला मुदत निम्मी होते. या हिशेबात मी आता निवांत बसते. पण घराबाहेर त्याला नेत नाही. डोंबिवलीसारख्या गावात कान कोंडून रूळ ओलांडणाऱ्या माणसाला कुठलाच हिशेब वाचवू शकत नाही.

आणि त्याचा सर्वांत मोठा गुण, किंवा अवगुण: तो माझाच आहे. उसना देता येत नाही, विकता येत नाही, वारशाने जात नाही. नवऱ्याने एकदा घालून पाहिला, कान चोळत परत दिला. सासूबाईंनीही हट्ट केला. "मला बघू दे काय ऐकतेस ते." त्यांच्या कानात तो नुसता टेकला, आत जाईना. मी आवाज थोडा वाढवला. त्या म्हणाल्या, "लागलंय का काही?" मी आणखी वाढवला. फटीतून गळणारा आवाज मला हातभर अंतरावर स्पष्ट ऐकू येत होता. त्या मान हलवत म्हणाल्या, "काही लागलं नाहीये."

तेव्हा मला वाटलं, ते दूध उतू गेलं त्या दिवशी नुसता माझाच कान कोंडलेला नव्हता. उतू जाणाऱ्या दुधाची चरचर त्यांनाही ऐकू आलेली नव्हती, आणि एरवी त्या इतक्या जोरात हाका का मारत तेही कळलं. 'कानाचं मशीन' हा शब्द आमच्या घरात काढायची सोय नव्हती. "मशीन म्हाताऱ्यांना," असं त्या वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी म्हणत. या वेळी मी मशीन म्हटलंच नाही. म्हटलं, "आई, तुमच्याही मापाचा एक कानकोंड्या करू या. ठसा घ्यायला माझ्याबरोबर चला." त्या चष्मा पुसत म्हणाल्या, "जेली करायला मी आहेच."

ठाण्याच्या त्याच बाईंनी तपासणी केली, ठसा घेतला, सासूबाईंनाही खोकला आला. पुढचं मात्र मी घरी केलं नाही. संगीत ऐकायचा इअरफोन चुकला तर पैसे जातात; ऐकू येण्याचं मशीन ज्याच्या त्याच्या तपासणीप्रमाणे बसवावं लागतं, ते काम जाणत्याचंच. मशीन आलं. त्याचा साचा पारदर्शक, काजूसारखा, एक सोंड, दोन वळणं. आत तीच चंदेरी डबी.

तुम्हाला स्वतःचा कानकोंड्या करायचा असेल तर जरूर करा. चायना ग्रास, नखांचा दिवा आणि ग्लिसरीन कुठेही मिळतं. फक्त कानात मसाला ओतायचं काम घरी करू नका, ऑडिओलॉजिस्टकडे जा. आणि गेलात की घरातल्या म्हाताऱ्या माणसालाही बरोबर न्या.

आमच्या आरशापुढे आता दोन डब्या असतात. एकसारख्याच दिसतात, म्हणून एकीवर नेलपॉलिशचा ठिपका लावला आहे. गडबडीत एकदा अदलाबदल झाली होती. दोघींच्याही कानात काही गेलं नाही.